परवाना आणि पात्रता : सेवाग्रामच्या परिसरातून दंतवैद्यक शिक्षणाचा एक मागोवा

धर्मादाय संस्थांच्या वार्षिक कार्यक्रमांत दंतचिकित्सा शिबिराला आता कायमचे स्थान लाभले आहे. शाळेच्या सभागृहात अथवा धर्मशाळेच्या ओसरीवर दोन-चार टेबले मांडलेली असतात, बाहेर बाकांवर माणसे आपला क्रमांक येण्याची वाट पाहत असतात आणि पांढरा कोट घातलेला एखादा तरुण दंतवैद्य हातातील लहानसा आरसा पुढे करून समोरच्या अनोळखी माणसाला म्हणतो, “काका, आ करा.” काका निमूटपणे तोंड उघडतात. या साध्या प्रसंगामागे केवढा विश्वास उभा आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. ज्याचे नाव कालपर्यंत ठाऊक नव्हते, त्याच्या हाती आपण सुई, पक्कड आणि घरघरणारे यंत्र सोपवितो. हा अधिकार त्याला कोणी दिला? कोणत्या कसोटीवर पारखून दिला? आणि ती कसोटी पुरेशी आहे काय? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा इतिहासाच्या आधाराने मागोवा घेण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

या विषयासाठी सेवाग्रामचा परिसर निवडण्यास कारण आहे. सेवाग्रामला दंत महाविद्यालय नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. तेथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालय आहे ते वर्धा शहराच्या दुसऱ्या अंगाला, यवतमाळ मार्गावरील सावंगी (मेघे) येथे. परंतु नव्या वैद्याला समाजाच्या हाती सोपविण्यापूर्वी त्याच्याकडून काय अपेक्षावे, या प्रश्नाचा जितका मूलगामी विचार सेवाग्रामच्या मातीत झाला, तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. म्हणून दंतवैद्यकाचा कायदा, सावंगी-नागपूरचे शिक्षण आणि सेवाग्रामचा प्रयोग हे तीन धागे एकत्र ठेवून पाहिल्यास पुष्कळ गोष्टी उलगडतात.

परवान्यापूर्वीचा काळ

आपल्या खेड्यांत दातांची काळजी घेण्याची परंपरा जुनी आहे. बाभूळ, कडुनिंब, करंज यांची दातणे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, दुखऱ्या दाढेत धरलेली लवंग या गोष्टी घरोघरी होत्या. दाढ किडली म्हणजे तिच्यात खरोखरीच अळी शिरली आहे, असा समज असे, आणि रिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घेऊन ती अळी पाडण्याचा उपाय केला जाई. त्यानेही भागले नाही, तर आठवडी बाजारात बसणाऱ्या दात काढणाऱ्याकडे जावे लागे. त्याच्याकडे हाताचे कसब असे, पण हत्यारे उकळून घेण्याची रीत नसे. भूल देण्याचे साधन नसे. दाढ मोडून मूळ आत राहिले तर पुढे काय करावे, याचे ज्ञानही नसे.

येथे एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. दातांचे दुखणे जीवघेणे नसते, असा आपल्याकडे सार्वत्रिक ग्रह आहे. तो सर्वथा खरा नाही. खालच्या दाढेच्या मुळाशी साठलेला पू जिभेखाली व मानेत उतरला, तर श्वास कोंडून माणूस दगावू शकतो. अस्वच्छ हत्यारांतून काविळीचे विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातात. रुग्णाला मधुमेह आहे काय, हृदयविकार आहे काय, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय, हे न विचारता दात काढणे हा त्याच्या प्राणांशी खेळ ठरू शकतो. म्हणूनच येथे सद्हेतू आणि हाताचे कसब एवढ्यावर भागत नाही.

सेवाग्रामच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा होता. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी तेव्हाच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर त्यांनी केलेली कठोर टीका सर्वश्रुत आहे. परवाना, पदवी आणि त्यांच्या आधारे चालणारा व्यवसाय यांकडे ते संशयाने पाहत. त्याच वेळी शुश्रूषा हा त्यांच्या जीवनाचा सहजधर्म होता. कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांना त्यांनी आश्रमात ठेवून घेतले व स्वतःच्या हातांनी त्यांची सेवा केली. त्याच सुमारास, १९३६ मध्ये, वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले होते. यांपैकी कोणाच्याही भिंतीवर पदवीचे प्रमाणपत्र टांगलेले नव्हते. त्यांच्या सेवेला परवाना लागला नाही.

मात्र त्याच गांधीजींनी १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली होती, हेही विसरता येत नाही. सेवेसाठी अंतःकरण पुरते, शस्त्र हाती घेण्यासाठी शिक्षण लागते, हा भेद त्यांच्याच जीवनात दिसून येतो. आश्रमाच्या इतिहासात हे दोन्ही गुण ज्या व्यक्तीत एकत्र आले, त्या डॉ. सुशीला नय्यर होत. त्यांच्याविषयी पुढे विस्ताराने लिहावयाचे आहे.

कलकत्ता, मुंबई आणि एक विषण्ण करणारा आकडा

भारतातील आधुनिक दंतवैद्यक शिक्षणाचा आरंभ शासनाने केला नाही, तर एका व्यक्तीच्या जिद्दीने केला. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि मायदेशी परतून १९२० मध्ये कलकत्त्यास देशातील पहिले दंत महाविद्यालय स्थापन केले. त्याच्या खर्चासाठी त्यांनी शीतपेयांचे एक दुकान चालविले, ही हकीकत आजही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सांगितली जाते. १९३९ मध्ये बंगाल प्रांताने दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा केला, त्यामागेही त्यांचेच प्रयत्न होते. १९४९ मध्ये त्यांनी आपले महाविद्यालय पश्चिम बंगाल शासनाच्या स्वाधीन केले. आपल्या प्रांतात मुंबईस १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय सुरू झाले आणि पश्चिम भारतातील विद्यार्थ्यांना दार उघडले.

परंतु देशाच्या आकारमानापुढे हे प्रयत्न अत्यंत तोकडे होते. ब्रिटिश सरकारने १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. त्यात देशातील पात्र दंतवैद्यांची संख्या सुमारे एक हजार दिली आहे. म्हणजे साधारणतः तीन लाख लोकांमागे एक दंतवैद्य. सहा हजार लोकांमागे एक डॉक्टर हे प्रमाणही समितीला चिंताजनक वाटले होते. दंतवैद्यांची तूट त्याच्या पन्नासपट होती. ते हजार दंतवैद्यही प्रामुख्याने मोठ्या शहरांत होते, हे लक्षात घेतले म्हणजे वर्ध्यासारख्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या वाट्याला बाजारातील पक्कडच का आली, याचा उलगडा होतो.

भोर समितीची आणखी एक शिफारस आपल्या विषयाशी निगडित आहे. भावी डॉक्टराला रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे, म्हणजे तो ‘सामाजिक वैद्य’ होईल, असे समितीने सुचविले होते. तीन महिन्यांचा हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

१९४८ चा कायदा

स्वातंत्र्य मिळाल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, २९ मार्च १९४८ रोजी, दंतवैद्य अधिनियम अस्तित्वात आला. गांधीजींच्या निधनाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, निर्वासितांचे लोंढे येत होते, आणि तरीही नव्या राष्ट्राने नागरिकांच्या दातांवर कोणी हात ठेवावा, यासाठी वेळ काढला, ही बाब कौतुकास्पद म्हणावी लागेल. या कायद्यान्वये १२ एप्रिल १९४९ रोजी भारतीय दंत परिषद गठित झाली. शिक्षणाचा दर्जा ठरविणे व पदव्यांना मान्यता देणे हे तिचे काम. राज्या-राज्यांत दंत परिषदा झाल्या. दंतवैद्यांची नोंदवही ठेवणे व व्यावसायिक वर्तनावर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम. आपल्या राज्यात हे कार्य महाराष्ट्र राज्य दंत परिषद करीत आली आहे.

या कायद्यातील एक तरतूद आज फारशी कोणाला आठवत नाही, पण तीत मोठे शहाणपण होते. नोंदवहीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग करण्यात आले. मान्यताप्राप्त पदवी असणाऱ्यांची नावे ‘अ’ भागात येत. ज्यांच्याजवळ पदवी नाही, परंतु जे किमान पाच वर्षे दंतवैद्यकावरच उपजीविका करीत आले आहेत, अशांना ‘ब’ भागात नाव नोंदविण्याची मुभा होती. पदवीधर एक हजार आणि रुग्ण कोट्यवधी असताना, अनुभवाने शिकलेल्या सर्वांना एका रात्रीत बेकायदा ठरविले असते, तर गरिबांना उपचारच उरले नसते, आणि त्या कारागिरांच्या कुटुंबांवर उपासमारीची पाळी आली असती. कायद्याने त्यांना मानाने सामावून घेतले, पण ‘ब’ भागाचे दार ठरावीक मुदतीपुरतेच उघडे ठेवले. पुढच्या पिढीला मात्र महाविद्यालयाच्याच वाटेने यावे लागणार होते. जुन्याचा अवमान न करता नव्याचा दर्जा वाढविण्याची ही रीत आपल्या सार्वजनिक जीवनात अनेक ठिकाणी अनुकरणीय ठरावी.

त्याचबरोबर कायद्याची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. नोंदणी झालेली व्यक्ती शिकलेली आहे, एवढी हमी कायदा देतो. ती कोठे बसेल, कोणाला तपासेल, ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याचे काय करील, याविषयी नोंदवही मौन पाळते. आणि नेमक्या याच प्रश्नांवर सेवाग्रामचा विचार सुरू होतो.

सेवाग्रामची अट

डॉ. सुशीला नय्यर यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि त्या सेवाग्रामच्या आश्रमजीवनाशी एकरूप झाल्या. १९४२ च्या आंदोलनात गांधीजी व कस्तुरबा यांच्यासमवेत त्याही पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होत्या. तेथेच गांधीजींनी आरोग्यावरील आपले छोटे पुस्तक लिहिले. त्याचा इंग्रजी अनुवाद सुशीलाबहेनांनी केला. तेथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. सुटकेनंतर सेवाग्रामला परतून त्यांनी एक लहानसा दवाखाना सुरू केला. रुग्णांची वर्दळ इतकी वाढली की आश्रमाची शांतता राहीना. तेव्हा बिर्लांच्या अतिथिगृहात तो हलविण्यात आला, आणि १९४५ मध्ये त्यातूनच स्त्रिया व बालके यांच्यासाठी कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले. डॉक्टरांवर कठोर टीका करणाऱ्या महात्म्याच्या अंगणात रुग्णालय उभे राहावे, यात वरकरणी विसंगती दिसते. परंतु गांधीजींचा आक्षेप विद्येवर नव्हता. विद्येचा बाजार होण्यावर होता.

सुशीलाबहेनांनी पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतले. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटीची स्थापना झाली आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यात उभारलेले देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ती ओळखली जाते. पहिल्या तुकडीत साठ विद्यार्थी होते.

या संस्थेने डॉक्टर घडविताना पदवी व नोंदणी यांच्याबरोबर आणखी काही अटी घातल्या. प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. देशभर एकच पात्रता परीक्षा लागू झाल्यावर ती पद्धत इतिहासजमा झाली. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने आरंभीचे पंधरा दिवस आश्रम परिसरात निवास करावयाचा, खादी वापरावयाची, श्रमदान व सर्वधर्म प्रार्थना यांत भाग घ्यावयाचा. त्यानंतर एखाद्या दत्तक गावात पंधरा दिवसांचे समाजसेवा शिबिर होई आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे त्या गावातील काही कुटुंबे सोपविली जात. शिबिर संपले तरी कुटुंबांशी नाते संपत नसे. पुढील काळात वेळोवेळी त्या घरी जाणे, कोणाचा ताप उतरला, कोणाचे बाळंतपण झाले, कोणाचे मूल शाळेतून गळाले, हे पाहणे हा शिक्षणाचाच भाग होता. पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अट घालण्याचा प्रघातही या संस्थेने पाडला. येथीलच डॉ. उल्हास जाजू यांनी परिसरातील गावांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी गोळा करून आरोग्यविम्याची योजना राबविली. ज्याने ज्वारी दिली, तो रुग्णालयात उपकृत म्हणून येत नाही, हक्काने येतो, हा त्यातील मर्म.

सेवाग्रामचे सर्व पदवीधर खेड्यांतच राहिले, असा दावा कोणी करणार नाही. अनेक जण शहरांत गेले, काही परदेशीही गेले. तथापि परवाना हाती पडण्यापूर्वी ज्या घराची पायरी विद्यार्थी वारंवार चढतो, त्या घरातील माणसाला तो पुढे केवळ ‘केस’ म्हणून पाहू शकत नाही, हा या प्रयोगाचा अनुभव आहे.

हातांची विद्या

सेवाग्रामचा दुसरा वारसा शिक्षणविषयक आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिची रूपरेषा तयार केली. हिंदुस्थानी तालिमी संघाच्या वतीने आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामला तो प्रयोग चालविला. हाताने उत्पादक काम करता करता बुद्धीचा विकास व्हावा, हे त्याचे सूत्र.

आधुनिक उच्च शिक्षणात या सूत्राच्या सर्वांत जवळ जाणारी विद्या कोणती, असे विचारल्यास दंतवैद्यकाचे नाव घ्यावे लागेल. विदर्भात या विद्येची सोय प्रथम नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाने १९६८ मध्ये केली. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे पर्व सुरू झाले, आणि १९९१ मध्ये सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय स्थापन झाले. सेवाग्राममधील रुग्णाला दंत महाविद्यालयाची पायरी चढण्यासाठी आता नागपूर गाठण्याचे कारण उरले नाही.

या महाविद्यालयांतील विद्यार्थी पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावयास शिकतो. प्रत्येक दाताचे उंचवटे, खळगे, मुळांचा कल त्याच्या बोटांत उतरेपर्यंत मेण कोरले जाते, पुसले जाते, पुन्हा कोरले जाते. दुसऱ्या वर्षी तो माणसाच्या डोक्याच्या प्रतिकृतीत बसविलेल्या कृत्रिम दातांवर काम करतो, प्लास्टरचे साचे ओततो, कवळीचे दात मेणात रचतो. तिसऱ्या वर्षापासून प्रत्यक्ष रुग्ण समोर येतो. तेथे अध्यापकाच्या देखरेखीखाली पहिली सुई, पहिली दाढ, पहिली कवळी. कृत्रिम दात दुखत नाही, माणूस कळवळतो. हा फरक कोणत्याही पुस्तकात शिकता येत नाही. चार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. तीत विद्यार्थी मुखरोगनिदान, शस्त्रक्रिया, हिरड्यांचे उपचार, दात भरणे, कवळ्या, बालदंतचिकित्सा अशा विभागांतून क्रमाक्रमाने फिरतो. ती पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र व विद्यापीठाची पदवी दाखविल्यावर राज्य दंत परिषद त्याचे नाव कायम नोंदवहीत घेते आणि त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. पुढे मुदतीनुसार नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. नोंदणीविना दंतवैद्यक करणे कायद्याने निषिद्ध आहे.

तीन महिने

आंतरवासितेच्या या बारा महिन्यांत भारतीय दंत परिषदेच्या नियमांनी तीन महिने सार्वजनिक दंतआरोग्य व ग्रामीण सेवेसाठी राखून ठेवले. इतर कोणत्याही विभागाला इतका दीर्घ काळ मिळाला नाही. भोर समितीने सुचविलेल्या तीन महिन्यांची येथे आठवण होते. कागदावर ही तरतूद अत्यंत मोलाची आहे. प्रश्न आहे तो या तीन महिन्यांत काय घडते, याचा.

वर्धा जिल्ह्यापुरता विचार केला, तर या तीन महिन्यांत करण्याजोगे काम पुढ्यातच पडलेले आहे. विदर्भात खर्रा खाण्याची सवय सर्वदूर पसरली आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून तयार केलेला हा पदार्थ शेतमजुरापासून महाविद्यालयीन तरुणापर्यंत अनेकांच्या खिशात असतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा पानठेल्यावर समोरच घोटून मिळतो. सुपारीने गालाची आतील त्वचा हळूहळू ताठर व पांढुरकी होते, तिखट लागेनासे म्हणजे सोसवेनासे होते, तोंड उघडण्याचे प्रमाण कमी कमी होत जाते. अशा तोंडात पुढे कर्करोग उद्भवण्याचा धोका मोठा असतो. रुग्ण बहुधा भाकरीचा घास जाईनासा झाला म्हणजे येतो. तोपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

वास्तविक हा आजार पकडण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक आरसा, पुरेसा उजेड, स्वच्छ हातमोजे आणि शिकलेली नजर एवढे पुरते. ‘आ करा’ म्हटल्यावर किती बोटे तोंडात उभी मावतात, हे पाहिले तरी अंदाज येतो. ही शिकलेली नजर दरवर्षी महाविद्यालयांतून बाहेर पडते. भोर समितीच्या काळचे एक हजार दंतवैद्य आज काही लाखांच्या घरात गेले आहेत आणि देशातील दंत महाविद्यालयांची संख्या तीनशेच्या वर आहे. तरीही नवे दवाखाने शहरांतील त्याच त्या रस्त्यांवर एकमेकांना खेटून उभे राहतात आणि खेड्यातील तोंड न तपासलेलेच राहते. त्याचा सारा दोष तरुण दंतवैद्याला देणे अन्यायाचे होईल. खुर्ची, यंत्रे व साहित्य यांसाठी मोठे भांडवल लागते. शिक्षणाचाच खर्च फेडावयाचा असतो. शासकीय आरोग्यसेवेत दंतवैद्याच्या जागा थोड्या असतात. तथापि अनेक ठिकाणी ग्रामीण सेवेचे तीन महिने म्हणजे गाडीतून गावात जाणे, रांगेतील माणसांचे दात मोजणे, नोंदपत्रक भरणे आणि सायंकाळी परत येणे एवढ्यावर संपण्याचा धोका असतो, हेही मान्य केले पाहिजे. एकदा तपासलेल्या माणसाकडे पुन्हा कोणी गेले नाही, तर ती तपासणी त्याच्या काय कामाची?

सेवाग्रामचा अनुभव येथे मार्ग दाखवितो. आंतरवासिताला दोनशे अनोळखी तोंडांऐवजी चार-पाच कुटुंबे नेमून द्यावीत. त्या घरातील आजीची कवळी नीट बसते काय, मुलाच्या दातांवर डाग का आले, बापाने खर्रा सोडला की चोरून चालू आहे, हे त्याने महिन्या-महिन्याने पाहावे. खर्रा सोडविणे हे एका व्याख्यानाचे काम नाही. त्यासाठी त्याच ओट्यावर चौथ्यांदा, पाचव्यांदा जाऊन बसावे लागते. हे जाणे-येणे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शक्य झाले असेल, तर दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला का होऊ नये? सावंगी आणि सेवाग्राम यांच्यामध्ये अंतर ते किती!

नवा कायदा, जुना प्रश्न

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. ११ ऑगस्ट २०२३ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १९४८ च्या कायद्याची व त्याखालील परिषदेची जागा राष्ट्रीय आयोगाने घ्यावी, शिक्षण, मूल्यांकन आणि नीती व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळे असावीत, तसेच व्यवसायाची अनुज्ञा मिळविण्यासाठी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची देशभर एकच परीक्षा घ्यावी, अशा तरतुदी त्यात आहेत. विविध महाविद्यालयांच्या दर्जात तफावत असताना एकसारखी कसोटी असणे रुग्णांच्या हिताचेच आहे. मात्र विद्यार्थ्यांचे सारे लक्ष लेखी परीक्षेच्या तयारीकडे वळून आंतरवासितेचे वर्ष, आणि त्यातही ग्रामीण सेवेचे तीन महिने, दुय्यम ठरणार नाहीत, याची दक्षता घ्यावी लागेल. परीक्षा ज्ञान मोजू शकते. काही अंशी हाताचे कसबही मोजू शकते. आपण तपासलेल्या माणसाचे पुढे काय झाले, ही रुखरुख मोजण्याचे माप अद्याप कोणत्याही मंडळाने तयार केलेले नाही. ती रुखरुख केवळ सहवासातून निर्माण होते.

डॉ. सुशीला नय्यर यांनी ३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्राम येथेच देह ठेवला. केंद्रीय मंत्रिपद भूषविलेल्या व परदेशी विद्यापीठात शिकलेल्या या विदुषीने आपले कार्यक्षेत्र म्हणून खेडे निवडले आणि अखेरपर्यंत ते सोडले नाही. त्यांच्याजवळ परवानाही होता आणि पात्रताही.

आरंभी ज्या शिबिराचे चित्र रेखाटले, तेथेच परत येऊन हा लेख पूर्ण करावासा वाटतो. शिबिरे भरविणाऱ्या आपणांसारख्या संस्थांवर या संदर्भात दोन कर्तव्ये येतात. टेबलावर बसणाऱ्या प्रत्येक दंतवैद्याचा नोंदणी क्रमांक पाहून घेणे, हे पहिले. तेवढ्याने कायद्याचे समाधान होईल. दुसरे कर्तव्य यजमानांचे आहे. शिबिर संपल्यावर, टेबले उचलण्यापूर्वी, आजच्या यादीतील ज्यांच्या गालात पांढरा चट्टा आढळला त्यांच्या घरी पुढच्या महिन्यात कोण जाणार, हे ठरवून त्या व्यक्तीचे नाव यादीसमोर लिहून ठेवावे. सेवाग्रामने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडून नेमके हेच मागितले होते.